मॅगझिन नंबर दोन

ताईंनी टेबलावर पिस्तुलाची पेटी ठेवली, शेजारी काडतुसं भरायची दोन मॅगझिन आणि एक वही. मी पेटी उघडली. वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि निम्मा दिवस तिथेच वाया घालवला.

मी शूटिंग रेंजवर आर्मरर आहे. रेंजची आणि सभासदांची हत्यारं साफ करायची, तपासायची, बिघडली की खोलायची, हे माझं रोजचं काम. नव्या पिस्तुलांच्या तक्रारी जुन्यांपेक्षा जास्त येतात, कारण जुन्याच्या खोडी मालकाला पाठ झालेल्या असतात.

"नवं कोरं आहे हो," ताई म्हणाल्या. "दीडशे राउंड झाले आणि अकरा वेळा अडकलं. कधी गोळी आत जात नाही, कधी पुंगळी बाहेर पडत नाही."

"अडकलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता? एखादा बार फुसका वाटला का?"

हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो. बार फुसका झाला असेल तर गोळी नळीतच रुतून बसलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते, फुटतेही. ताई म्हणाल्या, आवाज सगळे सारखेच. तरी मॅगझिन काढून, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहून, पिस्तूल खोलून नळीतून उजेड बघितला. नळी साफ होती.

मग मी निदान केलं. खरं सांगायचं तर ते आधीच झालं होतं. ताई अंगाने बारीक, साठीला टेकलेल्या, नेमबाजीत नवख्या. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात बार झाला की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते आणि परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. स्लाइड मागे जाताना हाताने पिस्तूल घट्ट धरून ठेवायचं असतं. मनगट सैल पडलं की सगळं पिस्तूलच मागे सरकतं, स्लाइडचा जोर वाटेत संपतो आणि पुंगळी निघायच्या खिडकीत उभी अडकते. तिला आम्ही स्टोव्हपाइप म्हणतो. दिसतेही तशीच, धुराड्यासारखी.

"मनगट," मी म्हणालो. "पिस्तुलात काही नाही."

सिद्ध करायला लेनवर गेलो आणि तीन वेळा मॅगझिन भरून तीस राउंड झाडले. एकदाही अडकलं नाही. ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कुठलं मॅगझिन वापरलंत?"

मला सांगता येईना. दोन्ही दिसायला अगदी एकसारखी. हाताला लागलं ते भरत गेलो होतो.

"एकच वापरलंत," त्या म्हणाल्या. "दुसरं अजून टेबलावरच आहे."

तेव्हा वही मागून घेतली. प्रत्येक अडथळा लिहिलेला: तारीख, मॅगझिनमधली कितवी गोळी, काय दिसलं. सात वेळा 'गोळीचं नाक खाली', चार वेळा 'पुंगळी उभी'. आणि प्रत्येक पानावर तळाशी एकच ओळ, 'शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही'. मॅगझिन रिकामं झालं की ती मागेच अडून राहायला हवी. इतकी स्वच्छ नोंद माझ्या टेबलावर क्वचित येते. लोक येतात ते 'सारखं जाम होतंय' एवढंच घेऊन. वहीत एकच गोष्ट नव्हती, कुठलं मॅगझिन होतं ते.

रंगाच्या पेनाने दोन्ही मॅगझिनच्या बुडावर १ आणि २ लिहिलं. काडतुसंही मोजली. नऊ मिलिमीटर पॅराबेलमची एकूण लांबी २९.६९ मिलिमीटरच्या वर जायला नको. डब्यातली दहा काडतुसं व्हर्नियरने पाहिली, सगळी मापात, गोळीची टोकंही गोल. मग ताईंनाच झाडायला लावलं. एका मॅगझिनचे पन्नास राउंड, मग दुसऱ्याचे पन्नास.

एक नंबरमध्ये गोळी एकदाही अडली नाही, पुंगळी दोनदा उभी राहिली. दोन नंबरमध्ये गोळी चार वेळा अडली, पुंगळी एकदा. गोळी अडण्याचा दोष मॅगझिनच्या मागे मागे जात होता, पुंगळीचा जात नव्हता. म्हणजे दोष दोन होते, आणि आम्ही दोघंही एकच शोधत बसलो होतो.

दोन नंबर उजेडात धरलं. मॅगझिनच्या तोंडाशी दोन वळवलेल्या कडा असतात, काडतूस त्यांच्यामुळे वर उसळत नाही. उजवी कड आत दबलेली होती, नखाच्या जाडीइतकीसुद्धा नसेल. एका बाजूने काडतूस जास्त वेळ धरून ठेवलं जात होतं, त्यामुळे स्लाइडचा धक्का बसला की नाक खाली जाऊन समोरच्या भिंतीवर आपटायचं. "हे पडलं होतं का कधी?" ताईंना आठवेना. कदाचित कारखान्यातूनच तसं आलं असेल.

"भाचा म्हणतो रॅम्प पॉलिश करून घे," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे ते फिरतं मशीन आहे."

मी जवळजवळ ओरडलोच. फीड रॅम्प म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेला उतार, काडतूस त्यावरून चढून आत जातं. तिथला धातू जरा जास्त घासला तर चेंबरमधल्या पुंगळीच्या बुडाचा आधार जातो, आणि बाराचा सगळा दाब त्या उघड्या भागावर येतो. आणि इथे रॅम्पचा काही संबंधच नव्हता. ती दबलेली कड पकडीने सरळ करायलाही मी नकार दिला. एकदा वाकलेला पत्रा पुन्हा वाकवला की तडकू शकतो.

उरली पुंगळी. माझं मनगटाचं निदान अजून जिवंत होतं, म्हणून रेंजचं त्याच कॅलिबरचं पिस्तूल ताईंच्या हातात दिलं, काडतुसं त्याच डब्यातली. पन्नास राउंड. एकही पुंगळी अडकली नाही. हात तोच, मनगट तेच.

तेव्हा सकाळचं एक दृश्य आठवलं आणि स्वतःचाच राग आला. मी झाडलेल्या तीस पुंगळ्यासुद्धा नीट उडाल्या नव्हत्या. काही टोपीवर, काही पायाशी. चांगलं पिस्तूल पुंगळ्या एका बाजूला, चार-सहा फुटांवर, साधारण एकाच ठिकाणी टाकतं. माझ्या जड हाताने ती खोड झाकली गेली, आणि अडकलं नाही म्हणजे ठीक आहे असं मी धरून चाललो.

स्लाइड सुटी केली. डमी राउंडची, म्हणजे दारू नसलेल्या काडतुसाची, कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, आकड्याखाली सरकवली आणि स्लाइड हलकेच हलवली. आकड्याने तो धरून ठेवायला हवा. इथे तो लगेच मान टाकून खाली पडला. आकडा काढला. त्याच्या खोबणीत गंज लागू नये म्हणून भरलेलं पिवळं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, आणि त्यात रुतलेली पितळेची एक चकचकीत कपची. स्प्रिंग बिचारी दाबत होती, पण आकडा पूर्ण मिटतच नव्हता. नवं पिस्तूल बाहेरून पुसून लेनवर नेणारे मी पुष्कळ पाहिलेत. ताईंनी निदान नळी तरी साफ केली होती.

सॉल्व्हंट, ब्रश, कापड. खोबण कोरडी ठेवली, स्लाइडच्या रुळांवर तेलाचे चार थेंब. आता डमी राउंड आकड्याला लटकून राहिला.

मॅगझिन नंबर एक आणि कपाटातलं एक नवं मॅगझिन घेऊन ताईंनी शंभर राउंड झाडले. पुंगळ्या उजवीकडे मागे एकाच ढिगात पडत गेल्या. अडथळा शून्य. फक्त शेवटच्या गोळीनंतर स्लाइड अजूनही थांबत नव्हती. मी बाजूला उभा राहून हात पाहिला. त्यांचा उजवा अंगठा स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड मागे अडवणाऱ्या, खटक्यावर टेकलेला होता, त्यामुळे मॅगझिनला तो वर उचलता येत नव्हता. अंगठा बोटभर खाली घेतला. पुढच्याच मॅगझिनला स्लाइड खट्कन मागे थांबली.

दोन नंबरवर लाल पट्टी चिकटवून ते मी खणात ठेवलं. नवशिक्यांना अडकलेली गोळी सोडवायचा सराव द्यायला असलं मॅगझिन सोन्यासारखं. नव्यासाठी कंपनीला पत्र लिहायचं ठरलं.

ताई वही भरत होत्या. मी डोकावलो. सकाळच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मनगट कच्चं – आर्मररचं मत'. त्यांनी पट्टी धरून त्यावर सरळ रेघ मारली, खाली 'अंगठा – माझा' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं.

"तुमची सही," त्या म्हणाल्या. "खोडलेल्या ओळीवर."