दे इकडं!

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं बाळ सुरू झालं. दीड महिन्याचं आहे. स्लॅब, पंखा, खिडकीची बंद तावदानं, सगळ्यांतून वाट काढत त्याचा आवाज थेट माझ्या उशीपाशी उतरला. मग जिन्यावर चपला वाजल्या. एक जण वर गेलं, पाठोपाठ दुसरं. खालच्या मजल्यावरच्या अव्वांनी अंगणातूनच विचारलं, "याक अळाकत्तैती कूस?" म्हणजे बाळ का रडतंय, आणि त्याही चढल्या. नंतर जे शब्द ऐकू आले त्यांनी माझी झोप पुरती उडाली. "दे इकडं!"

रडणाऱ्या पोरापाशी उभं राहून "दे इकडं" न म्हणणारा माणूस मी आमच्या बेळगावात तरी बघितलेला नाही. मराठी असो, कानडी असो, ह्या एका बाबतीत सीमावाद नाही. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाची खात्री एकच, की पोर माझ्याकडं गप्प होतं. आमची आत्ती पाठीवर असं थापटायची की बघणाऱ्यालाच डुलकी लागावी. टिळकवाडीतले मामा पोराला खांद्यावर टाकून पहिल्या रेल्वे गेटापाशी जाऊन उभे राहायचे. गाडी येवो न येवो, गेट पडलं की झालेली गर्दी, स्कूटरींची फुरफुर आणि भाजीवाल्याची हातगाडी बघत पोर रडायचं विसरायचं. हे सगळं मला मान्य आहे. फक्त चाव्यांचा जुडगा नाकासमोर वाजवणारे लोक मला सहन होत नाहीत. आधीच वैतागलेल्या जीवापुढं किल्ल्या कसल्या नाचवता?

आमचं जुनं घर वडगावात, विणकरांच्या गल्लीत. तिथं मुख्य अधिकार आज्जीचा. पोर पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं की ती आधी तवा ठेवायची. जुन्या लुगड्याच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या तुकड्यात मूठभर ओवा, त्याची पुरचुंडी, वर दोऱ्याचे दोन वेढे. पुरचुंडी तव्यावर टेकवायची, मग स्वतःच्या गालाला लावून बघायची, पुन्हा एकदा लावून बघायची, आणि मगच पोराच्या पोटाला. बेंबीभोवती हिंगाचा लेप. एवढ्यानं भागलं नाही तर मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली नक्की, आणि लागला तर घरभर खोकला, त्यात पोराचं रडणं कुणाच्या कानावर पडणार!

पण त्या गल्लीतलं खरं औषध म्हणजे माग. सकाळी सुरू झालेली खटखट रात्रीपर्यंत चालायची. पाहुण्यांना शेजारी बसून बोलणं ऐकू येत नसे आणि आमची पोरं त्या आवाजात गाढ झोपायची. अडचण व्हायची ती करंट गेल्यावर. सगळे माग एकदम थांबायचे, गल्लीत कान फुटतील अशी शांतता, आणि मग घराघरांतून झोळीतली पोरं टाहो फोडायची. आजोबा माझ्या धाकट्या चुलतभावाला छातीशी धरून अंधारात येरझारा घालायचे आणि तोंडानं "खटक्-फटक्, खटक्-फटक्" करायचे. करंट यायला उशीर झाला तर त्यांचं तोंड दुखायचं. त्या पोराला अंगाई कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आज्जीचा एकच दंडक, "बसून हलवू नकोस, उठून चाल. आणि डोळा लागला म्हणून लगेच टाकू नकोस. हात सैल पडू दे." 2022 साली जपानमधल्या संशोधकांनी जवळजवळ हेच सांगितलं. पाच मिनिटं कडेवर घेऊन चाला, पोर झोपलं की आणखी पाच ते आठ मिनिटं धरून बसा, मग खाली ठेवा. आज्जीनं मिनिटं मोजली नव्हती, एवढाच फरक.

आता डॉक्टर काय म्हणतात तेही सांगतो. पोरांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. संध्याकाळी जास्त. पोर भुकेलं नसतं, आजारी नसतं, तरी रडतं. वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1954 मध्ये ह्याचं मापही ठरवलं. दिवसाला तीन तासांवर, आठवड्यात तीन दिवसांवर, असं तीन आठवड्यांवर चाललं की ते पोटशूळाचं रडणं. ग्राइप वॉटर त्याच्याही शंभर वर्षं आधीचं, 1851 चं, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचं. जुन्या पाककृतीत चक्क थोडी दारू होती. पोर गप्प व्हायचं त्यात नवल ते काय!

म्हणजे ते थांबायचंच असतं. थांबतं तेव्हा ज्याच्या खांद्यावर असेल त्याचं नाव होतं. आत्तीचा गुण आला, मामांचा हात चांगला, ओवा लागू पडला. आमच्या घरात अजून सांगतात की मी फक्त आजोबांकडं शांत व्हायचो. मला ते फार आवडायचं.

परवा वरची गर्दी पांगल्यावर आईकडं हाच विषय काढला. ती मेथी निवडत होती. म्हटलं, मी खरंच फक्त आजोबांकडं गप्प व्हायचो का? ती म्हणाली, "आजोबांकडं व्हायचास. आत्तीकडं पण व्हायचास. शेजारच्या अक्का न्यायच्या, त्यांच्याकडं तर हसायचास."

"आणि तुझ्याकडं?"

"माझ्याकडं कधी द्यायचे ठाऊक आहे? रात्री दोनला. सगळी झोपल्यावर. माझ्याकडं तू रडायचासच."