ओपांचं ग्लायडर आणि मेण लावलेला दोरा

सासरे गेले त्याला दीड वर्ष झालं, तेव्हा आम्ही त्यांचा ट्रेलर पहिल्यांदा उघडला. मुली त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायच्या, म्हणून मीही ओपाच म्हणायचे. इथल्या, जर्मनीतल्या, रीतीप्रमाणे सासऱ्यांना नावाने हाक मारणं मला पंधरा वर्षांत जमलं नाही. आत त्यांचं का-८ ग्लायडर होतं: एका माणसाचं, बिनइंजिनाचं, १५ मीटर पंखांचं. झाकण उचललं आणि उंदरांच्या मुताचा भपकारा आला.

छताच्या फटीतून दोन हिवाळे पाणी झिरपलं होतं. डाव्या पंखाच्या पुढच्या धारेवरचा प्लाय पापडासारखा फुगला होता. मागच्या भागाचं कापड कुरतडून उंदरांनी संसार थाटला होता. नवरा म्हणाला, "विकून टाकू." मनात आलं, रिकाम्या ट्रेलरला एकवेळ गिऱ्हाईक मिळेल, याला कोण घेणार?

आम्ही फुल्डाजवळ राहतो. वासरकुप्पं हा डोंगर इथून जवळच. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा इथली पोरं बिनइंजिनाची विमानं घेऊन या डोंगरावर चढली. १९२० पासून तिथे स्पर्धा भरू लागल्या. पायथ्याच्या पॉपेनहाउझेन गावात श्लायशरचा कारखाना आहे. रुडोल्फ कायझरने आखलेलं का-८ तिथलंच. १९५७ मध्ये पहिलं उडालं आणि पुढे हजाराहून जास्त बनली. धड लोखंडी नळ्यांचं, पंख लाकडाचे. या भागात जुन्या लाकडी पंखाला हात लावू शकणारा म्हातारा अजून सापडतो, हे आमचं नशीब.

आम्हाला सापडला तो ग्लायडर क्लबचा तपासनीस. त्याने खिशातून नाणं काढलं आणि पंखभर टकटक करत फिरला. आई माठ घेताना वाजवून बघायची, अगदी तसंच. चांगल्या जागी खणखणीत, गोंद सुटलेल्या जागी बद्द. बद्द आलं की पेन्सिलीने रेघ. तासाभरात पंखावर बेटांचा नकाशा तयार झाला.

त्यातलं एक बेट उंदरांचं नव्हतं, पाण्याचंही नव्हतं. ते ओपांचं होतं.

कधीतरी त्यांनी स्वतः तळहाताएवढं ठिगळ लावलं होतं. प्लायला प्लाय जोडताना दोन्ही कडा तिरक्या तासाव्या लागतात आणि तो उतार जाडीच्या निदान बारापट लांब लागतो. दीड मिलिमीटरच्या प्लायला अठरा मिलिमीटर. ओपांचा उतार जेमतेम सात मिलिमीटर होता. "हे काढावं लागेल," तपासनीस म्हणाला. नवऱ्याने हातातला दिवा खाली ठेवला आणि बाहेर निघून गेला. बापाचं बाकी सगळं दुरुस्त करायला तो तयार होता, बापाची चूक सोडून. तीन शनिवार कामच झालं नाही. चौथ्या शनिवारी तो आला आणि कुणाशी न बोलता ते ठिगळ स्वतःच कापलं. तुकडा घरी आणला. सासूबाईंनी उलटसुलट पाहिला, म्हणाल्या, "घाईचा माणूस होता," आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. अजूनही ठेवतात.

लाकडाचं काम पूर्ण हिवाळाभर चाललं. गोंदाचं प्रत्येक मिश्रण कालवलं की त्यातूनच दोन चिपट्या चिकटवायच्या, वाळल्या की मोडायच्या. लाकूड फाटलं तर पास. गोंदावरच सांधा सुटला तर त्या दिवसाचं सगळं काम उखडायचं. आमच्यावर ही वेळ एकदाच आली. जानेवारीत रात्री हीटर बंद पडला होता आणि गोंदाला लागते तेवढी ऊब मिळाली नव्हती. दोन दिवसांची मेहनत छिन्नीने खरवडताना मी मराठीत जे काही बोलले ते सुदैवाने कुणाला कळलं नाही.

कापडाच्या वेळी मात्र सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बाई, म्हणून शिवण मला येणारच! राग आला, पण शिवण येत होती हेही खरं. पॉलिएस्टरचं कापड चिकटवायचं, मग इस्त्रीने आवळायचं. इस्त्रीवर तापमापक धरून बसावं लागतं, कारण जास्त तापली तर कापड इतकं ओढतं की पंखाच्या आतल्या लाकडी फासळ्या वाकतात. पंखाच्या खालच्या अंगाला जिथे खोलगट आकार आहे, तिथे नुसत्या गोंदावर भरवसा ठेवत नाहीत. फासळीभोवती मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायचे.

कराडला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. "अगं, धावदोरा का घालत नाहीस? किती वेळ लावतेस!" मी म्हटलं, आई, इथे प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, एक तुटला तरी पुढचा उसवता कामा नये. ती गप्प झाली. मग फोन जवळ धरायला लावून म्हणाली, "तिसरा सैल आहे." तपासनीसाने दुसऱ्या दिवशी नेमका तोच टाका बोटाने हलवून दाखवला.

रंग, वजन, कागद यांत आणखी दोन महिने गेले. वजन तीन किलोने वाढलं, तोल मर्यादेत होता, सही मिळाली.

मे महिन्यात विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळत ग्लायडर वर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोराला जोडलेलं का-८ गवतावर उभं राहिलं. आत नवरा. दुसऱ्या कुणाला जागाच नाही, म्हणून मी डाव्या पंखाचं टोक धरून होते. दोर ताणला, मी चार पावलं धावले आणि पंख हातातून निघून गेला.

वारा मेलेला होता. वर जाऊन, दोन गिरक्या घेऊन तो उतरला. सासूबाईंनी घडीच्या खुर्चीतून विचारलं, "एवढंच?"

विमानाच्या वहीत ओपांची शेवटची नोंद २ तास ४० मिनिटांची आहे, त्यांच्या गिचमिड अक्षरात. नवऱ्याने मला वेळ विचारली आणि खालच्या ओळीत लिहिलं: ६ मिनिटं.