ओट्याखालचा अर्धा इंच (नोंद चौथी)

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की मधल्या खणातली ट्रॉली रविवारी बसेल. ट्रॉली बसली नाही, मीच डोक्याला हात लावून बसलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: डोंबिवलीतलं जुनं वन रूम किचन, स्वयंपाकघर आठ फूट बाय सहा फूट, एका भिंतीला ओटा आणि त्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांनी पडलेले तीन खण. सुतार न बोलावता, सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढं करायचं.

तर मधला खण 21 इंच. कडाप्प्यात स्क्रू पकडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना 18 मिमी प्लायचे पाखे उभे केले. आत उरले साडेएकोणीस. मी ट्रॉलीचा खोका कापला सव्वाएकोणीसचा. चॅनेलला, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्टीला, प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो, तो धरलाच नाही! खोका हवा होता साडेअठराचा. सगळं उकलून पुढची-मागची फळी आणि तळ पाऊण इंचाने कमी केला. प्लाय वाढवता येत नाही, पण कापता येतो, एवढंच नशीब.

दुसरा धडा त्याच खणातला. फरशी ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नव्हती. वर आणि खाली मापात दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा फरक. पाख्यामागे सनमायकाचे तुकडे सारून तो काढला. कडाप्प्याचा खण वर, मध्ये आणि तळाशी असा तीनदा मोजा, पुढे आणि मागेही. सर्वांत लहान माप खरं.

आता जमलेलं काम. ताटं, झाकण्या आणि परात आडव्या रचल्या की खालचं हवं असतं तेव्हा वरची सगळी उतरवावी लागतात. आई गेल्या महिन्यात आली तेव्हा म्हणाली, "अरे, आपलं ताटाळं कुठे गेलं? त्यात बरं सगळं उभं राहायचं." ते आम्ही दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलं होतं, 'मॉड्युलर' करायचं म्हणून. मग डाव्या खणात पट्ट्या ठोकून घरीच उभे कप्पे केले. सोळा इंची परात भिंतीला टेकून उभी राहते, बारा ताटं एक फुटात मावतात आणि कुठलंही एका हाताने निघतं.

सिलिंडर उजव्या खणात. त्याला पूर्ण बंद दार लावावं, दिसायला बरं, असं घरातलं मत होतं. मी अडून बसलो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून दाराला खाली-वर जाळी ठेवली आणि सिलिंडर उभाच. 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर वाकून ओढताना कंबर बोलते, म्हणून तळाला चाकांची चकतीही दिली.

छोट्या स्वयंपाकघराचं वेड असलेल्यांनी 1926 चं फ्रँकफर्ट किचन जरूर पाहावं. मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी आगगाडीच्या भोजनयानातल्या स्वयंपाकघरावरून सुचलेली ती रचना, साधारण 1.9 बाय 3.4 मीटर. म्हणजे आमच्यापेक्षा ऐसपैसच! त्यात साखर-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे, ओतायला तोटी असलेले ओढखण होते. मला मोह झाला होता, पण आपल्याकडे पावसाळ्यात असल्या खणातल्या रव्याला जाळी धरायला वेळ लागणार नाही. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबेच ठेवतोय, फक्त रोजचे चार ओट्यालगत आणि सणाचे लॉफ्टवर.

अडलंय ते मिक्सरपाशी. शेगडीच्या डावीकडे ठेवला तर पोळ्या लाटायला जागा उरत नाही. सिंकजवळ ठेवला तर वायरवर पाणी उडतं. सध्या तो फ्रिजवर आहे आणि चटणी रोज स्टुलावर चढून होते. भिंतीला दुमडणारी फळी लावायचा विचार आहे, पण चालू मिक्सरच्या हादऱ्याला ब्रॅकेट टिकेल का? कुणी लावून पाहिली असेल तर ब्रॅकेटची लांबी आणि भिंत विटेची की ब्लॉकची, एवढं सांगा.