बोल्ट सुटला की काम झालं

घरी गाडीचं काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं हा इंजिनबिंजिन उघडून बसत असेल, तसं काही नसतं हो. सगळ्यात जास्त वेळ जातो तो गंजलेला बोल्ट सोडवण्यात. नवीन पार्ट पाच-दहा मिनिटांत बसतो, जुना निघता निघत नाही. यूट्यूबवरचा माणूस पाना लावतो, कट् आवाज येतो आणि बोल्ट त्याच्या हातात, कारण त्याची गाडी बहुतेक कोकणातल्या पावसात कधी गेलेलीच नसते.

आमची बोलेरो २००७ ची. हे मॉडेल २००० साली बाजारात आलं आणि अजून बनतंय, त्यामुळे जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत ही रड आमच्याकडे नाही, पुण्यात नाना पेठेत गेलं की बहुतेक सगळं मिळतं, फक्त ओरिजिनल हवंय की चालू हे दुकानदाराने विचारलं की पटकन उत्तर द्यायचं नाहीतर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आणि मागे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. आजकालच्या गुळगुळीत एसयूव्हीवाल्यांना पाटे म्हणजे ट्रकला असतात तेच वाटतं, पण बोलेरोला आहेत, आणि पाटे आले की ते धरून ठेवणारे यू-बोल्ट आले, बुश आले, शॅकल आले आणि त्या सगळ्यांवर चिखल, पाणी आणि गंज ओघाने आलाच.

तर बोल्ट. घाई करायची नाही हा एकच नियम. आधी तारेच्या ब्रशने आटे घासायचे, मग डब्ल्यूडी-४० मारायचं, ते नसेल तर डिझेलमध्ये थोडं ऑइल घालून तेही चालतं, आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके, जोरात नाही, गंज आतून तडकावा एवढेच. मग गंमत म्हणजे आधी सोडवायचा नाही, आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा, परत आवळायचा, असं करत करत तो कुरकुरत फिरायला लागतो आणि तो जो कुरकुर आवाज आहे ना, त्यासाठी मी रविवार घालवायला तयार असतो. गोटी पाना, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो तो, सहा पैलूंचाच घ्या, बारा पैलूंचा गंजलेल्या डोक्यावरून घसरतो आणि डोकं एकदा गोल झालं की पुढे छिन्नी, वेल्डिंग आणि शिव्या. टॉमीला, म्हणजे पान्याच्या दांड्याला, पाइप लावून लांबी वाढवली की जोर कमी लागतो खरं, पण बोल्ट तुटणार असेल तर तो अशाच वेळी तुटतो. परत बसवताना आट्यांना जरा ग्रीस लावून ठेवायचं म्हणजे पुढच्या वेळेला आपणच आपल्याला दुवा देतो. चाकाच्या नटांना मात्र लावायचं नाही, ते कोरडेच बरे.

आणि गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही. स्टँड लावा, चाकांना पुढे-मागे दगड लावा, काढलेली स्टेपनी चेसिसखाली सरकवून ठेवा. यात मला चेष्टा चालत नाही.

सगळीच कामं अशी हट्टी नसतात. प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसला (सांध्याला) ग्रीस गन लावणं हे तर सुख आहे, दाबत राहायचं, आधी जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येतं आणि मागून नवीन स्वच्छ दिसलं की थांबायचं. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचा ड्रेन ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं तर खाली पाण्याचा थर वेगळा दिसतो, पाणी जड म्हणून तळाला बसतं. फिल्टर बदलला की लाइनमध्ये एअर शिरते आणि गाडी कितीही सेल मारा चालू होत नाही, बॅटरी मात्र उतरते. अशा वेळी एअर काढायचा ब्लीड स्क्रू थोडा ढिला करायचा आणि फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचं. पहिल्यांदा फसफसून फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग सलग डिझेल, आणि त्याच वेळी पंप अंगठ्याला कडक लागायला लागतो. स्क्रू आवळा, चावी फिरवा. नवीन गाड्यांत स्कॅनर लावून लॅपटॉपला विचारावं लागतं, इथे अंगठाच सांगतो.

पैसे वाचतात का, तर नाही. जेवढ्याचा गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना आणि स्टँड घेतलेत तेवढ्यात गॅरेजमध्ये बरीच कामं झाली असती. वर आमच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की सोसायटीतले काका जमतात, त्यातले एक दर वेळी विचारतात, विकून का टाकत नाही, १५ वर्षं झाली की पासिंगचं लफडं असतं म्हणे. लफडं नाही काही, आरटीओत पुढच्या ५ वर्षांचं पासिंग करून घ्यायचं, जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स भरायचा. फक्त त्याआधी चेसिस नंबरवरचा गंज हलक्या हाताने पॉलिश पेपरने काढा, घासून घासून नंबरच उडवू नका.

क्लच, गिअरबॉक्स, डिझेल पंप याला मी हात लावत नाही. पाट्यांचे यू-बोल्ट पण नाही, ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे. त्याच्याकडे एअर गन आहे, नटावर ठेवतो, घर्रर्र, झालं, माझी अख्खी सकाळ त्याच्या एका घर्ररमध्ये जाते. एकदा म्हटलं, दादा, त्यातला एक तरी मला सोडवू द्या. तर म्हणतो, साहेब, मागे तीन गाड्या उभ्या आहेत.