एकोणीस मिनिटं

बुद्धिबळात माझ्या एका विद्यार्थ्याच्या सलग सहा हार. दोन आधीच्या स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांतल्या, चार या स्पर्धेतल्या. मध्ये चौथ्या फेरीत त्याला बाय मिळाला आणि माझ्या मते पोरगा सगळ्यात जास्त खचला तो तिथे. स्विस पद्धतीत, म्हणजे दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात तिथे, खेळाडूंची संख्या विषम झाली की तळातल्या एकाला जोडीच उरत नाही, मग न खेळताच त्याच्या नावावर एक गुण लागतो. चौदा वर्षांच्या मुलाला जोड्यांच्या कागदावर प्रतिस्पर्ध्याच्या जागी ‘बाय’ दिसतं, तेव्हा तो गुण त्याला गुण वाटत नाही.

मी बुद्धिबळ शिकवतो. त्या दिवशी पाचवी आणि सहावी फेरी होती. प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटं अधिक प्रत्येक खेळीला ३० सेकंद, असे दोन डाव एकाच दिवशी ठेवणं हा मुलांवर अन्याय आहे, हे मी आयोजकांना दर वेळी सांगतो. असा एक डाव चार तास सहज चालतो. दुपारी दोनला हरलेलं पोर साडेतीनला पुन्हा पटावर बसतं, तेव्हा ते नवा डाव खेळत नसतं, सकाळचाच पुढे खेळत असतं. आणि हॉलबाहेर पालक मोबाइलवर रेटिंगचा, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांचा, हिशोब मांडून बसलेले. तोडीच्या खेळाडूशी हरलं की मोठ्यांचे साधारण १० गुण जातात, या वयाच्या मुलांचे २०. चढतानाही तेवढेच मिळतात, पण पडझड चालू असताना ते कोणी मुलाला सांगत नाही.

मधल्या वेळेत मी हरलेल्या सहाही डावांच्या स्कोअरशीट, म्हणजे खेळी नोंदवायचे कागद, समोर मांडल्या. प्रत्येक खेळीशेजारी घड्याळात उरलेली वेळ लिहायची, ही सवय मी माझ्या मुलांना लावतो. नियमाला ते चालतं. सुरुवातीच्या चालींची तयारी कच्ची असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. विसाव्या खेळीपर्यंत पाच डावांत तो मागे नव्हता, त्यांतल्या दोनांत तर तोच वरचढ होता. सगळे कोसळले ते बावीस ते तीस खेळींच्या टप्प्यात, आणि तेव्हा घड्याळात चाळीसहून जास्त मिनिटं शिल्लक! जिथे दहा मिनिटं बसायला हवं, तिथे तो मिनिटभरात खेळला होता. का, म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणाला, “सर, तिथे बसवत नव्हतं.”

वेळेच्या त्या आकड्यांशिवाय हे मला कधीच कळलं नसतं. संगणक फक्त चूक कुठे झाली ते दाखवतो.

पूर्वी आम्हाला शिकवायचे, खेळी आधी कागदावर लिहा, मग मोहरा उचला. घाई आपोआप थांबायची. आता आधी लिहायला मनाई आहे. म्हणून त्याला सांगितलं, अवघड जागा आली की दोन्ही हात मांडीखाली. आणि १९८४ची गोष्ट सांगितली. मॉस्कोत जगज्जेत्या कार्पोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोव्ह पहिल्या नऊ डावांत चार हरला होता. सहा विजय मिळवणारा जिंकणार होता. तिथून त्याने सलग १७ डाव बरोबरीत सोडवले. मग आणखी एक हरला, ५-० झालं, तरी तो लोळला नाही. ४८ डावांनंतर सामना थांबवला तेव्हा आकडा ५-३ होता आणि १९८५मध्येच तो जगज्जेता झाला. “आज जिंकायचं नाही,” मी म्हणालो, “आज फक्त हरायचं नाही.”

सहाव्या फेरीत काळे मोहरे आले. पालकांप्रमाणे प्रशिक्षकांनाही आत सोडत नाहीत, त्यामुळे मी बाहेर. चार तास.

बाहेर आला तो सावकाश चालत. बरोबरी. ७१ खेळी. शेवटी पटावर राजे, हत्ती आणि समोरच्याचं एक जास्तीचं प्यादं उरलं असताना त्याने डाव वाचवला होता आणि तोही जुन्या काळच्या फ्रेंच खेळाडू फिलिडोरच्या पद्धतीने, जशी घोटून घेतली होती तशी: राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत रोवलेला, समोरचा राजा पुढे येऊच शकत नाही. आणि प्यादं त्या रांगेत शिरताच हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला, तिथून मागून शहामागून शह. कितीतरी मोठी माणसं तो हत्ती एक खेळी आधीच हलवतात. थकलेल्या मुलाने, सहा हारींनंतर, तो थांबवून धरला. मला भरून आलं.

रात्री डाव तपासला. सत्ताविसाव्या खेळीला घोडा देऊन राजासमोरची प्यादी फोडता येत होती. काळा सरळ जिंकत होता. असे बळी हा मुलगा सरावात हसतहसत देतो. स्कोअरशीटवर सव्विसाव्या खेळीशेजारी ४१ आहेत, सत्ताविसाव्याशेजारी २२. एकोणीस मिनिटं हात मांडीखाली ठेवून बसला आणि मग वजिराला वजीर बदलून मोकळा झाला.

त्याला तो बळी दिसलाच नाही, की दिसला आणि माझं वाक्य आडवं आलं? आठव्या फेरीत तो जिंकला, नवव्यात पुन्हा बरोबरी, घरचे खूश आहेत. पण शेवटच्या दिवशी निघताना त्याने विचारलं, “सर, सहाव्या फेरीत वजीर बदलले तिथे दुसरं काही होतं का?”

“बसून बघू,” म्हणालो. अजून दाखवलेलं नाही. पुढची स्पर्धा बारा दिवसांवर आहे आणि ती स्कोअरशीट माझ्या वहीत आहे.