मिरज की परळ?

आईचा बायोप्सी रिपोर्ट आल्यापासून घरात एकच विषय, ट्रीटमेंट कुठं घ्यायची. आम्ही सांगलीचे, मिरजेत कॅन्सरचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, पण मामाचं एकच टुमणं, टाटालाच न्या. शेवटी महालक्ष्मीनं रात्रभर बसून दादर, तिथनं परळ. ओपीडीतली गर्दी बघून आईच म्हणाली, "अगं, इथं माझ्यापेक्षा केवढी लहान पोरं आहेत."

डॉक्टर म्हणाले केमो मिरजेत घेतली तरी चालेल, औषधं तीच. मामा गप्प!

मग ट्रायलचं निघालं. मला वाटायचं ट्रायल म्हणजे माणसावर प्रयोग, पण ही फेज 3 होती, म्हणजे नेहमीच्या उपचाराशी नव्या औषधाची तुलना, आणि आपण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरसुद्धा नाही. हेच आईला खटकलं, "म्हणजे चिठ्ठ्या टाकणार होय?" साधारण तसंच की. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिच्या साइटवर ट्रायल शोधली, 2009 पासून तिथं नोंदणी सक्तीची आहे, सापडली तेव्हा जरा बरं वाटलं. आईचा प्रश्न मात्र वेगळाच, मधेच सोडता येतं का? येतं, कधीही, कारण न देता, आणि नेहमीचा उपचार थांबत नाही.

अडचण आहे ती तपासण्यांसाठी जादाच्या मुंबई वाऱ्यांची, केमोनंतर तिला साधा जिना चढवत नाही. संमतीपत्र मराठीत आहे, आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं, आता देवघरात अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवलंय. सही नाही अजून. बुधवारी फोन करायचाय.