गिटारी बाजूला ठेवलेला बँड

आज दिवसभर कपाटं आवरत होतो आणि स्पीकरवर रेडिओहेड हा ब्रिटिश रॉक बँड, अल्बम ओळीने. 'द बेंड्स' (१९९५) पर्यंत सगळं सरळ: तीन गिटारी, टिपेला जाणारा आवाज. 'ओके कम्प्युटर' (१९९७) लागला आणि हातातलं काम थांबलंच. मग २००० सालचा 'किड ए'. पहिल्याच गाण्यात गिटार गायब. सिंथेसायझरचे घुमणारे सूर, आणि गायक थॉम यॉर्कचा आवाज तुकडे करून मागेपुढे फेकलेला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, अडकलंय बघ ते!"

काय धाडस म्हणायचं हे! 'ओके कम्प्युटर'नंतर जग यांना डोक्यावर घेऊन नाचत होतं. त्याच साच्यातले आणखी दोन अल्बम आरामात खपले असते. यांनी 'किड ए'मधून एकही सिंगल (सुटं विकायचं गाणं) काढलं नाही, तरी तो अमेरिकेत थेट पहिल्या नंबरावर गेला. जॉनी ग्रीनवुड, बँडचा एवढा भारी गिटारवाला, ओंद मार्तनो हे १९२०च्या दशकातलं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य घेऊन बसला. (हाच पठ्ठ्या २०१५मध्ये जोधपूरच्या मेहरानगडावर राजस्थानी वादकांसोबत रेकॉर्डिंग करत होता.) यातलं 'इडिओटेक' हे गाणं तर अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३च्या संगणकावरच्या रचनेतल्या छोट्याशा तुकड्यावर उभं आहे.

प्रयोगाच्या नादात गाणं हरवलं, असं म्हणणारे आजही भेटतात. मला अजिबात पटत नाही. यातलंच 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली' एकदा हेडफोन लावून ऐका, मग बोलू. २००७च्या 'इन रेनबोज'मध्ये गिटारी पुन्हा पुढे आल्या. छानच आहे तो. पण माझं मत 'किड ए'लाच. तुमचं?